छोट्या शिडाच्या बोटीला पुलपिट आणि लाइफलाइन बसवायच्या आहेत, सल्ला हवा

जुवारीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमची २२ फुटी फायबरची शिडाची बोट आहे, १९८० च्या दशकातली. जुवारी नदीत मूरिंगवर (पाण्यातच बांधलेली) असते. मूळ बांधणी शांत पाण्यासाठी असावी, कारण डेकच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी सोडली तर धरायला काहीच नाही. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, गेलं की हाताला लागतो तो फक्त फोरस्टे, डोलकाठीची पुढची तार.

गोव्यातल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. नोव्हेंबर ते मे आमच्याकडे सकाळी मतलई वारा असतो, खाडी तेलासारखी शांत. दुपारी वारा फिरतो आणि वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दोनापावलचं टोक ओलांडून काबोसमोर आलं की लाट तिरकी लागते आणि नेमकं तेव्हाच मोठी जिब (पुढचं तिकोनी शीड) उतरवून छोटी चढवायची असते. आजवर पुढे जायचं काम नवऱ्याचं. आता मुलगी मागे लागली आहे की मी जाते. ती पोहण्यात आमच्या दोघांच्या पुढे आहे, तरी आईचा जीव आहे.

पुढे पुलपिट (नाळेवरचा नळीचा कठडा), मागे तसाच छोटा पुशपिट, मध्ये स्टँचन (उभे खांब) आणि त्यांतून जाणारी तार, म्हणजे लाइफलाइन, असं मनात आहे. तयार सेट परदेशातून मागवणं परवडणारं नाही, इथेच बनवून घ्यायचं आहे. उंची किती ठेवावी, तार कुठली घ्यावी, डेकला कसं धरवावं आणि एवढ्या लहान बोटीला हे करावं का, ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा.

डोलकाठी

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. पुढे जावं लागतं म्हणून कठडा हवा आहे, तर पुढे जावंच लागणार नाही असं काही करता येतं का ते आधी बघा. जिब हँकवाली, म्हणजे फोरस्टेला आकड्यांनी अडकवलेली आहे ना? तिच्या हेडला (वरच्या टोकाला) एक बारीक दोरी बांधा, फोरस्टेच्या बाजूने खाली आणा, नाळेवर एका छोट्या ब्लॉकमधून फिरवून कॉकपिटमध्ये घ्या. हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) सोडायचा, ही दोरी ओढायची, जिब डेकवर येऊन पडते. डाउनहॉल म्हणतात याला. एक ब्लॉक, दोरी अडकवायला एक क्लीट आणि चढवलेल्या जिबच्या टोकापासून नाळेवरून कॉकपिटपर्यंत पोचेल एवढी दोरी, एवढाच खर्च. रोलर फर्लर बसवलात तर आणखी सोपं, पण ते खर्चिक आहे आणि अर्धवट गुंडाळलेल्या जिबचा आकार जोरदार वाऱ्यात बिघडतो.

माझं स्पष्ट मत: २२ फुटी बोटीला पुलपिट जरूर असावा. लाइफलाइनबद्दल मी साशंक आहे. अरुंद डेकवर स्टँचन पायात येतात, आणि कमी उंचीची तार गुडघ्याखाली लागली तर माणूस तिच्यावरून सरळ पलीकडे जातो.

सुकती

डोलकाठींचा उंचीचा मुद्दा बरोबर आहे. त्याला जोडून आकडे देतो. वर्ल्ड सेलिंगचे ऑफशोअर स्पेशल रेग्युलेशन्स म्हणून नियम आहेत. ते खुल्या समुद्रातल्या शर्यतींसाठी आहेत, तुम्हाला बंधनकारक नाहीत. पण मोजमाप ठरवायला त्याहून चांगला आधार माझ्या माहितीत नाही.

८.५ मीटरपेक्षा मोठ्या बोटीला वरची तार डेकपासून किमान ६०० मिमी आणि मध्ये दुसरी तार. ८.५ मीटरपेक्षा लहान बोटीला ४५० मिमीवर एकच तार चालते, मात्र तार ५६० मिमीच्या वर नेली तर मधली तार लावावी लागते. दोन आधारांमधलं अंतर २.२० मीटरपेक्षा जास्त नको. लहान बोटीला तारेची जाडी किमान ३ मिमी, ८.५ ते १३ मीटरच्या बोटींना ४ मिमी.

तार किती ताठ हवी तेही दिलं आहे. दोन आधारांच्या बरोबर मध्ये ४ किलोचा जोर दिला की वरची तार ५० मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये. घरचा ताणकाटा लावून हे कोणालाही तपासता येतं.

४५० की ६००, यात मी ६०० च्या बाजूचा आहे. ४५० मिमी म्हणजे उभ्या माणसाचा गुडघा. मुलगी उंच असेल तर गुडघ्याच्याही खाली. नियमात बसतं म्हणून ते घेऊ नका.

खारेवारे

सगळे तारेबद्दल बोलत आहेत, मी डेकच्या खालचं बोलतो, कारण लाइफलाइन निकामी ठरते ती बहुतेक तिथेच.

साधा हिशेब करा. ७५ किलोचा माणूस ६० सेंमी उंचीच्या स्टँचनच्या टोकावर बाहेरच्या दिशेने टेकला. धक्का बसून आदळला असं नाही, नुसता भार टाकला. बेसच्या आतल्या आणि बाहेरच्या बोल्टांमध्ये ६ सेंमी अंतर आहे असं धरू. ६० भागिले ६ म्हणजे दहापट. आतल्या बाजूच्या दोन बोल्टांना मिळून ७५० किलोची उपटणारी ओढ लागते. बोट हेलकावली आणि तोच माणूस वेगाने येऊन आदळला की याच्या कितीतरी वर. आता हे बोल्ट साध्या वॉशरवर, दहा-बारा मिलीमीटरच्या फायबर सँडविचमध्ये (वर-खाली फायबर, मध्ये हलक्या लाकडाचा कोअर) बसले असतील तर काय होईल ते तुम्हीच बघा. वॉशर खालच्या पातळ थरातून आरपार वर येतो.

म्हणून प्रत्येक बेसखाली बॅकिंग प्लेट हवी, बेसपेक्षा चारही बाजूंनी निदान दोन-तीन सेंमी मोठी. जी-१० (काचतंतू आणि इपॉक्सीची कडक) शीट मिळाली तर उत्तम. नाहीतर १२ मिमी मरिन प्लाय, सगळ्या कडा आणि भोकं इपॉक्सीने सील करून. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा डेकला चीर पाडतो. डेकची खालची बाजू सपाट नसते, तेव्हा प्लेट घट्ट इपॉक्सीच्या थरावर बसवा म्हणजे सगळीकडे टेकेल. त्यावर मोठे पेनी वॉशर आणि नायलॉकचे नट.

जिथे आतून हात पोचत नाही तिथे स्टँचन लावूच नका. लाकडी स्क्रूवर उभा केलेला स्टँचन बघणाऱ्याला पूर्ण भरवशाचा वाटतो, आणि त्या भरवशावरच माणूस पाण्यात जातो. कठडा नसेल तर माणूस वाकून, धरून, जपून जातो. कठडा दिसला की तो त्याच्यावर विसंबतो. मग तो कठडा विसंबण्यालायक असलाच पाहिजे.

डेकच्या कोअरमध्ये बाल्सा (फार हलकं, ओल लागली की सडणारं लाकूड) आहे की प्लाय, हे तपासलंत का?

जुवारीकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. डाउनहॉलची कल्पना फारच आवडली, ते लगेच करते.

खारेवारे, तुमचा प्रतिसाद वाचून काल प्लास्टिकचा हातोडा घेऊन डेकवर बसले. बहुतेक ठिकाणी टणटण आवाज येतो. डाव्या बाजूला डोलकाठीच्या थोडं पुढे, जुनं क्लीट आहे तिथे, तळहाताएवढ्या जागेत आवाज बद्द येतो. क्लीट काढलं तर भोकातून तपकिरी पाणी आलं. पाती घालून कोरलं तर चहाच्या चोथ्यासारखा ओला भुगा. म्हणजे बाल्साच. आणि नेमकं तिथेच एक स्टँचन यायचा होता.

खारेवारे

घाबरू नका, तळहाताएवढं म्हणजे काहीच नाही. आत्ता सापडलं ते बरं झालं.

आतून खालचा थर न फोडता वरून करा. वरचा फायबरचा थर ओल्या जागेपेक्षा थोडा मोठा चौकोन कापून उचलून घ्या, तो तुकडा जपून ठेवा. सडलेला बाल्सा कोरडं लाकूड लागेपर्यंत खरवडून काढा. मग वाळू द्या. नुसतं ऊन पुरत नाही, बल्ब लावा, आठवडाभर द्या. ओल्या कोअरवर इपॉक्सी ओतली तर वरून सगळं छान दिसेल आणि आत सडणं चालूच राहील. स्टँचनखालच्या जागी पुन्हा बाल्सा भरू नका, तिथे भरीव इपॉक्सी-फिलर किंवा जी-१० चा तुकडा घाला. वर जुना तुकडा चिकटवून कडा तासून त्यावर काचकापडाचे थर द्या.

बाकी सगळ्या भोकांनाही हीच शिस्त. ८ मिमीचा बोल्ट असेल तर आधी १६-१८ मिमीचं भोक फक्त वरच्या थरातून आणि कोअरमधून, खालचा थर शाबूत ठेवून. आजूबाजूचा बाल्सा आकडा वळवलेल्या खिळ्याने अर्धा सेंमी आत खरवडा. घट्ट इपॉक्सी भरा. वाळली की तिच्या मधून ८ मिमीचं भोक पाडा. उद्या सीलंट सुटलं तरी पाणी इपॉक्सीच्या नळीतून खाली केबिनमध्ये टपकेल, कोअरला शिवणार नाही.

गोव्यात इपॉक्सीचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दव उडाल्यावर करा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो साबण-पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. पावसाळ्यात शेडखालीसुद्धा हे काम करू नये असं माझं मत आहे.

रापणकाराचो_पूत

मी शिडाच्या बोटीतला नव्हे, पण एक सांगतो. आमच्या रापणीच्या होडीला कठडा कधीच नव्हता, जाळं अडकेल म्हणून. एका बाजूला उलांडी (तोल सांभाळणारं तरतं लाकूड) आणि बाकी सगळं मोकळं. तरी माणसं पडत नाहीत, कारण लाटेत कोणी उभा राहून चालतच नाही. बसून सरकायचं, नाहीतर गुडघ्यावर. आज्याने आम्हाला होडीत पहिलं हेच शिकवलं, वल्हं नंतर. पोरीला कठडा जरूर द्या, पण रांगत पुढे जायला आधी शिकवा.

सुकती

+१. हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर चिकटवायला हवा.

बेतीचा

स्टीलकामाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं वर्कशॉप आहे, घरांचं रेलिंग आणि ट्रॉलरची कामं दोन्ही करतो.

पहिली गोष्ट, पाइपच्या स्टेनलेसचा ग्रेड. घराच्या बाल्कनीला इथे सर्रास २०२ लागतो, जरा बरं गिऱ्हाईक असेल तर ३०४. बोटीला ३१६ च हवा. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडला तेच तोंड देतं. ३०४ चा पुलपिट एका पावसाळ्यात तपकिरी डाग धरतो आणि वेल्डच्या कडेला बारीक छिद्रं पडायला लागतात. लोक लोहचुंबक लावून बघतात, त्याचा उपयोग नाही. २०२, ३०४ आणि ३१६ तिन्हींना चुंबक जवळजवळ धरत नाही. मॉलिब्डेनम ओळखणारं टेस्टिंग लिक्विड मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा. आणि पाइप घेताना दुकानदाराकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा. चांगला दुकानदार देतो.

पाइप २५ मिमी, भिंत २ मिमी. १.२ मिमीचा पाइप वाकवताना चपटा होतो आणि स्टँचन म्हणून तर तो वापरूच नये. बेंडिंग मँड्रेलवाल्या मशीनवर करून घ्या, आतून आधार असतो म्हणून वळणावर सुरकुती येत नाही.

वेल्डिंग आर्गनचं, फिलर रॉड ३१६एल. पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर वेल्डची आतली बाजू काळी खडबडीत राहते आणि गंज तिथून सुरू होतो. काम झालं की वेल्डवर पिकलिंग पेस्ट लावून निळा-तपकिरी पट्टा पूर्ण काढायचा, भरपूर पाण्याने धुवायचं, मग पॉलिश. नुसतं बफ मारून चकचकीत केलेलं वेल्ड फसवं असतं, पट्टा दिसत नाही पण खाली तसाच राहतो. ज्या ग्राइंडिंग चाकाने लोखंड घासलंय ते स्टेनलेसला लावू द्यायचं नाही, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके. दुकानात उभं राहून हे बघा, आम्हा फॅब्रिकेटरांना राग येत नाही.

दुसरी गोष्ट, माप. कागदावर काढून आणलेल्या मापाने पुलपिट कधीच बसत नाही, कारण नाळेजवळ डेक तिन्ही बाजूंनी वळतो. वायरिंगचा २५ मिमीचा पीव्हीसी कंड्युट पाइप घ्या, आत बेंडिंग स्प्रिंग घालून वाकवा, टेपने बांधून अख्खा पुलपिट बोटीवर उभा करा. पाय ज्या कोनात टेकतात त्या कोनात चार पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर क्रमांक घाला. तो सांगाडा आणि पुठ्ठे माझ्यासारख्याच्या दुकानात आणून ठेवा. शक्य असेल तर पाय अर्धे टाके मारून परत बोटीवर नेऊन बघावेत आणि मग पूर्ण वेल्ड करावेत.

आणि प्रत्येक पाइपच्या तळाशी पाणी निघायला ५ मिमीचं भोक. कोंडलेलं खारं पाणी ३१६ लाही खातं.

पाटो

पीव्हीसीचा सांगाडा उभा असताना जिब चढवून बघा, हे मी जोडते. जिबचा खालचा काठ पुलपिटला घासतो का, बोट वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवताना शीट (जिब ओढून धरायची दोरी) कुठे अडकते, नांगर उचलून आत घेताना पुढच्या नळीवर आपटतो का, हे सगळं त्या पाइपवरच कळतं. स्टीलमध्ये कळलं तर फार उशीर झालेला असतो.

लाइफलाइन आल्यावर शीटचा मार्गही बदलतो. छोटी जिब तारेच्या आतून जाते. डोलकाठीच्या मागे जाणारी मोठी जिब, म्हणजे जेनोआ, असेल तर तिची शीट बहुधा तारेच्या बाहेरून घेऊन मग आत ब्लॉकवर आणावी लागते, आणि शिडाला जिथे तार घासते तिथे एक पॅच शिवून घ्यावा लागतो.

माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. माणूस पाण्यात गेलाच तर परत वर कसा घेणार? आपल्या समुद्रात पाणी उबदार असतं, थंडीने जीव जात नाही. पण भिजलेला, दमलेला माणूस ६० सेंमीच्या तारेवरून उचलणं दोघांनाही जमत नाही. यावर काय करता?

सुकती

पाटो, तारेचं मागचं टोक टर्नबकलने (ताणायच्या स्क्रूने) न धरता दोरीच्या फेऱ्यांनी बांधायचं, लॅशिंग. मोकळी फट १०० मिमीपेक्षा जास्त ठेवायची नाही. वेळ आली की चाकूने लॅशिंग कापलं की अख्खी तार खाली पडते आणि बाजू मोकळी होते. तेवढ्यासाठी एक चाकू कॉकपिटमध्ये दोरीने बांधलेला हवाच. हे लॅशिंग दर वर्षी नवीन करायचं, ऊन आणि मीठ दोन्ही त्याला खातात.

मागे ट्रान्समला (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीला) शिडी असेल आणि तिची खालची पायरी पाण्यात अर्धा मीटर जात असेल तर सगळ्यात चांगलं. ती पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता आली पाहिजे. तारेतलं मधलं गेट आणि ते उघडायचा पेलिकन हुक मी एवढ्या बोटीवर लावणार नाही, दोरी अडकून तो हुक उघडतो.

डोलकाठी

लाइफलाइन हवीच असं ठरत असेल तर त्याच्या आधी जॅकलाइन घ्या, हा माझा आग्रह आहे. कॉकपिटपासून नाळेच्या अलीकडेपर्यंत डेकवर दोन्ही बाजूंनी सपाट पट्टी, पॉलिएस्टरची, अंगातला हार्नेस अडकवायला. नायलॉन नको, भिजल्यावर आणि भार आल्यावर ताणतो. गोल दोरीही नको, पायाखाली लोळते. पट्टीचं पुढचं टोक नाळेच्या चांगलं अलीकडे संपवा, म्हणजे हार्नेसवरचा माणूस बोटीच्या पुढून किंवा कडेवरून लोंबकळणार नाही. टेदर (हार्नेस पट्टीला जोडणारा पट्टा) दोन मीटरचा मिळतो, पण पुढच्या कामासाठी एक मीटरचा आखूडच वापरा. लांब टेदरने माणूस बोटीला बांधलेला राहतो, पण पाण्यात ओढला जातो, आणि ते फार वाईट.

आणि टेदर कधीही लाइफलाइनला अडकवायचा नाही. ताठ तारेच्या मध्यावर आडवा जोर आला की तारेतला ताण कितीतरी पटीने वाढतो. दोन मीटरच्या टप्प्यात ७५ किलोने तार १० सेंमी सरकली तर तारेत पावणेचारशे किलो ताण येतो. तोच ताण तुमच्या पुलपिटच्या मागच्या पायांना आत ओढतो.

दिवाडी बेटावर अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या बोटी मांडवीत बऱ्याच जणांनी बघितल्या असतील. ५५-५६ फुटी बोटी, दुहेरी लाइफलाइन, पुढे-मागे भक्कम पुलपिट. म्हादेईवरून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तारिणीवरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांची प्रदक्षिणा गोव्यातूनच निघून गोव्यातच संपली. तेवढ्या मोठ्या बोटीवर, तेवढा कठडा असूनही, खराब हवेत डेकवर जायचं तर हार्नेस अडकवूनच. मग आपल्या २२ फुटांना कठडा पुरेल असं कसं म्हणायचं?

खारेवारे

डोलकाठींशी हार्नेसबाबत शंभर टक्के सहमत. पण लाइफलाइन पायात येते म्हणून नको, हे मला पटत नाही. बोट कललेली असताना डेकवर बसून सरकणाऱ्या माणसाला ६० सेंमीची तार छातीशी येते. रापणकारांच्या मुलाने सांगितलं तसं रांगत जाणाऱ्यासाठीच ती कामाची. उभं राहून चालणाऱ्याला कुठल्याच उंचीची तार पुरत नाही. आणि मधली तार तर घसरलेल्या माणसाला खालून निसटू देत नाही, म्हणून ती वरच्याइतकीच महत्त्वाची.

जुवारीकाठ (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस लिहायला जमलं नाही, काम चालू होतं. काय ठरवलं आणि काय झालं ते सांगते.

उंची ६०० मिमी, दोन तारा. पुलपिटच्या मागच्या पायापासून पुशपिटपर्यंत साधारण सव्वाचार मीटर भरतात. एका स्टँचनमध्ये नियमाला बसलं असतं, तरी प्रत्येक बाजूला दोन घेतले, म्हणजे टप्पा दीड मीटरच्या आत आला. मागच्या स्टँचनची जागा आतून हात पोचावा म्हणून लॉकरच्या वर सरकवली.

पीव्हीसीचा सांगाडा दोन दिवस बोटीवर उभा ठेवला. त्यातून कळलं की पुलपिटची पुढची आडवी नळी जिबच्या टॅकच्या (खालच्या पुढच्या कोपऱ्याच्या) फार जवळ येत होती. ती मागे न घेता बाहेरच्या बाजूला फुगवली, आणि मध्ये नांगर काढायला जागा सोडली. नळी आणि डेकमधली फट ३६ सेंमीच्या आत राहील एवढी काळजी घेतली.

डाव्या बाजूचा बाल्सा काढला. तळहाताएवढं वाटलं होतं ते प्रत्यक्षात ताटाएवढं निघालं, पण खारेवारेंनी सांगितलं तसंच केलं आणि आता तिथे हातोडा मारला की सगळ्या डेकपेक्षा खणखणीत आवाज येतो. भोकं वरून थोडी खोलगट केली आणि बेसखाली ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) लावली. बोल्ट एकदम आवळले नाहीत. रोज थोडे थोडे, चार दिवस. प्रत्येक वेळी कडेने काळी कड बाहेर येत होती, ती लाकडी पट्टीने काढून टाकली. बोल्ट फिरू दिला नाही, वर एकाने धरला आणि नट खालून मुलीने आवळला. लॉकरमध्ये आडवी पडून, तोंडात टॉर्च धरून. सगळ्या बॅकिंग प्लेट तिनेच कापल्या.

तारेऐवजी डायनीमा (फार मजबूत कृत्रिम तंतूची) दोरी घ्यावी का, अजून ठरलेलं नाही. कोणी वापरली आहे का?

बेतीचा

ताई, पुलपिटचा फोटो बघितला. वेल्ड छान आहेत. ज्याने केलं त्याला माझा नमस्कार सांगा.

पाटो

मी ५ मिमीची डायनीमा वापरते. ताकद दोन टनांच्या वर, म्हणजे तारेपेक्षा जास्तच, आणि स्प्लाइस (दोरीचं टोक तिच्यातच ओवून केलेला फासा) घरी करता येतो. गाठ मारायची नाही, डायनीमामध्ये गाठ सरकते आणि ताकदही निम्म्याहून खाली येते. स्प्लाइसचं शेपूट व्यासाच्या ७२ पट आत गाडायचं, म्हणजे ५ मिमीला ३६ सेंमी, आणि टोक निमुळतं करायचं. पहिल्या काही दिवसांत दोरी थोडी लांबते, तेव्हा लॅशिंग परत आवळावं लागतं.

पण दोन अटी. स्टँचनच्या भोकांच्या कडा बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागल्या पाहिजेत, शक्यतो भोकात घासून गोल केलेली नळी बसवलेली. आणि दर महिन्याला स्टँचनजवळचा भाग चिमटीत धरून फिरवून बघायचा. तंतू फुललेले दिसले की दोरी बदलायची. हे करायचा कंटाळा येणार असेल तर ३१६ ची उघडी तार घ्या.

पांढरं प्लास्टिक चढवलेली तार मात्र घेऊ नका. दिसायला सुबक आणि हाताला मऊ असते, पण प्लास्टिकच्या आत शिरलेलं खारं पाणी बाहेर निघत नाही, तिथे प्राणवायूही पोचत नाही आणि स्टेनलेसला टिकून राहायला तो लागतो. आत तार खाल्ली जाते आणि वरून काहीच दिसत नाही. मी विकत घेतलेल्या बोटीवर आधीच्या मालकाने तीच लावली होती. टोकाच्या फिटिंगजवळ तपकिरी रेघ दिसली म्हणून प्लास्टिक चिरलं तर आतले अर्धे तंतू तुटलेले.

जुवारीकाठ (धागाकर्ती)

पाटो, प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. स्प्लाइस ती शिकणार म्हणते, तेव्हा डायनीमा. स्टँचनच्या भोकांत गोल कडांच्या नळ्या बसवायला सांगते.

परवा जॅकलाइन ताणली, डाउनहॉल बसवला आणि तारा नसतानाच बाहेर नेली. काबोच्या अलीकडे वारा चांगला भरला होता. मुलगी हार्नेस अडकवून बसत बसत पुढे गेली, पुलपिटमध्ये पाय रोवून बसली आणि दोन्ही हात मोकळे ठेवून जिबचे हँक काढले. मी सुकाणूवर होते. पुलपिटचं महत्त्व मला तेव्हा कळलं. ती जागा नुसती धरायची नाही, कामाची आहे, तिथे बसून दोन्ही हातांनी काम होतं.

आता एकच राहिलं. पुलपिटवर लाल-हिरवा दिवा लावायचा आहे, संध्याकाळी परत येताना बार्जेस आणि ट्रॉलर असतात. वायर पाइपमधून न्यावी का?

सुकती

नक्की लावा. तुमची बोट सात मीटरच्या आत, म्हणजे शिडावर असताना टक्कर टाळण्याचा सागरी नियम सवलत देतो: दिवे लावणं शक्य नसेल तर टॉर्च हाताशी ठेवून वेळेवर दाखवला तरी चालतो. पण जुवारीत बार्जसमोर त्या सवलतीवर राहू नका. लाल-हिरवा एकत्र दिवा २० मीटरपर्यंतच्या शिडाच्या बोटीला चालतो. प्रत्येक रंग बरोबर समोरून ११२.५ अंशांपर्यंत दिसला पाहिजे, म्हणून दिव्याचा अक्ष बोटीच्या मध्यरेषेशी जुळवून बसवा आणि जिब चढवल्यावर ती आड येत नाही ना ते अंधारात धक्क्यावरून बघा. मागे पांढरा वेगळा. इंजिन लावलं की मागच्या पांढऱ्याऐवजी चौफेर दिसणारा पांढरा लावता येतो.

बेतीचा

वायर पाइपमधूनच न्या, बाहेरून बांधलेली वायर पहिल्याच नांगराच्या दोरीने तुटते. दिव्याखाली एक भोक आणि पायाच्या आतल्या बाजूला तळापासून चार बोटं वर दुसरं. दोन्ही भोकांच्या कडा कानसून रबरी ग्रोमेट घाला. वायर टिन केलेल्या तांब्याची, साधं तांबं वर्षभरात हिरवं होतं. आधी सायकलची ब्रेक केबल आतून सरकवा, तिच्या टोकाला वायर बांधून ओढून घ्या. आणि तळाचं पाणी जायचं भोक मी सांगितलं होतं, त्यातून वायर काढू नका, ते मोकळंच राहू दे.

जुवारीकाठ (धागाकर्ती)

देव बरें करूं, बाब. ब्रेक केबल घरात आहे. रविवारी करते.